अप्पांचा हप्ता, आईची नोंद

अप्पांच्या खात्यावर पीएम किसानचा तेरावा हप्ता जमा झाला तेव्हा त्यांना जाऊन दीडेक महिना झाला होता. २७ फेब्रुवारी २०२३. तिकडे बेळगावात पंतप्रधानांच्या कार्यक्रमात हप्ता सोडला आणि इकडे अप्पांच्या बटणाच्या मोबाइलवर दोन हजार जमा झाल्याचा मेसेज आला. फोन आईच्या उशाशीच असायचा. तिला वाचता येतं, पण मेसेज इंग्रजीत, म्हणून तिनं शेजारच्या पोराकडून वाचून घेतला आणि मला फोन केला. "पाय व, तुह्या अप्पाचे पैसे आले." काका तिथंच बसले होते. ते म्हणाले, तेरवीचा खर्च सरकारनं धाडला म्हणायचा. आमच्याकडे असल्या वेळी असंच बोलतात, कुणी वाईट वाटून घेत नाही.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे. कागद बघायची सवय आहे आणि गावात कुणाचंही काही अडलं की 'मॅडमला विचारा' असं होतं. त्यामुळे हे काम आपसूक माझ्याकडे आलं. भाऊ छत्रपती संभाजीनगरला असतो, नोकरी खासगी, रजा मिळणं अवघड. मी गावाच्याच जिल्ह्यात, बसनं दोन तासांवर. गाव बुलढाणा जिल्ह्यातलं, तालुक्याचं नाव राहू द्या. वावर चार एकर, एक विहीर, खरिपात सोयाबीन आणि तूर, पाणी राहिलं तर हरभरा.

योजना सगळ्यांना माहीत आहे, तरी थोडक्यात सांगते, कारण पुढचं सगळं तिच्या नियमांवर अडतं. वर्षाला सहा हजार, दोन-दोन हजारांच्या तीन हप्त्यांत, थेट खात्यावर. फेब्रुवारी २०१९ मध्ये सुरू झाली तेव्हा फक्त दोन हेक्टरपर्यंतच्या शेतकऱ्यांना होती, त्याच वर्षी ती मर्यादा काढली. पैसे कुटुंबाला मिळतात, आणि कुटुंब म्हणजे नवरा, बायको आणि अल्पवयीन मुलं. आयकर भरणारा, सरकारी नोकर (चतुर्थ श्रेणी सोडून), दहा हजार किंवा त्याहून जास्त पेन्शन घेणारा, डॉक्टर, वकील, इंजिनिअर हे बाद. आणि मुख्य अट अशी की जमीन १ फेब्रुवारी २०१९ च्या आधीपासून नावावर पाहिजे. त्यानंतर विकत घेतलेल्या जमिनीवर लाभ नाही. वारसानं आलेली असेल तर मात्र चालते.

आमच्या घरात अप्पांच्या नावावर सातबारा होता आणि फक्त त्यांच्याच. आई लग्न होऊन आली तेव्हापासून त्या वावरात आहे. निंदण-खुरपण तिचं, वेचणी तिची, सोंगणीला बायका गोळा करायचं काम तिचं, घरचं बियाणं निवडून ठेवायचं तिचं. अप्पा शेवटची दोन वर्षं दम्यानं बांधापर्यंतसुद्धा जात नव्हते. पण पोर्टलवर शेतकरी ते. आई तिथं कुठंच नाही. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेनं लक्ष्मीमुक्तीची मोहीम काढली होती, बायकोच्या नावावर वावर करून द्या म्हणून. आमच्या भागातही त्याची खूप चर्चा झाली होती म्हणे. अप्पा सभांना जायचे. सभेहून घरी आल्यावर काय झालं ते मला माहीत आहे: काही झालं नाही.

तर आता दोन कामं होती. अप्पांचा हप्ता थांबवून आलेले पैसे परत करणं आणि आईची नोंदणी करणं. मला वाटलं पहिलं सोपं असेल. पैसे द्यायचेच आहेत, घ्यायचे नाहीत, त्याला कोण अडवणार?

पोर्टलवर 'ऑनलाइन रिफंड' असा पर्याय आहे. त्यात आधार क्रमांक टाकला की काही रक्कम देणं लागते का ते दाखवतं. अप्पांचा क्रमांक टाकला. उत्तर आलं, तुम्ही कोणत्याही परताव्याच्या रकमेस पात्र नाही. म्हणजे यंत्रणेच्या लेखी अप्पा धडधाकट होते आणि पैसे त्यांचेच होते. कुणीतरी कार्यालयातून 'मयत' अशी खूण करेपर्यंत घरच्या माणसाला तिथं काहीच करता येत नाही. मग मृत्यूच्या दाखल्याची प्रत जोडून साधा अर्ज लिहिला आणि तहसीलमध्ये गेले. तिथं सांगितलं, हे काम आता कृषीकडे आहे. कृषीत सांगितलं, आमच्याकडे अजून लॉगिन आलेलं नाही, तहसीललाच द्या.

हे फक्त आमच्या तालुक्यातलं नव्हतं. पीएम किसानचं काम महसूल खात्यानं करायचं की कृषी खात्यानं, यावरून राज्यभर त्या काळात ओढाताण चालू होती. तलाठी म्हणत, हे आमचं मूळ काम नाही. कृषी सहायक म्हणत, जमिनीच्या नोंदी आमच्याकडे नाहीत. दोघांचंही खरं होतं. पण अर्ज कुणीतरी घ्यायला पाहिजे ना. मी दोन्हीकडे एकेक प्रत दिली आणि दोन्हीकडून पोच घेतली. पोच घेताना तिथल्या बाबूंनी माझ्याकडे असं पाहिलं की ही बाई पुढं भांडणार. भांडले नाही, पण ती पोच पुढं कामाला आली.

कारण जुलैच्या २७ तारखेला चौदावा हप्ताही अप्पांच्या खात्यावर पडला. अर्ज देऊन कितीतरी दिवस झाल्यावर. आता चार हजार झाले. खातं बँकेनं तोवर गोठवलं होतं, नॉमिनी म्हणून आईचं नाव लावलेलं होतं म्हणून क्लेमचा फॉर्म भरून रक्कम तिला मिळाली, त्यात हे चार हजारही आले. सप्टेंबरात कृषी कार्यालयात नव्यानं आलेल्या एका बाईंनी माझी जुनी पोच बघितली, स्क्रीनवर काहीतरी केलं आणि म्हणाल्या, झालं, आता हप्ता येणार नाही, हे चार हजार या खात्यात भरा आणि पावती आणून द्या. पाच मिनिटांचं काम होतं. इतके महिने कुणी केलं नव्हतं एवढंच.

ज्यांच्याकडे असं काही झालं असेल त्यांना एक सांगते. आधी हप्ता थांबवा, बाकी सगळं नंतर. नमो शेतकरी महासन्मानचा पहिला हप्ता त्याच वर्षी २६ ऑक्टोबरला शिर्डीच्या कार्यक्रमात सुटला, आणि राज्याची ही योजना पीएम किसानच्याच यादीवर चालते. सप्टेंबरात खूण झाली नसती तर तेही दोन हजार अप्पांच्या नावानं आले असते आणि मग दोन वेगळ्या सरकारांना दोन वेगळे परतावे.

आता वारस नोंद. कायद्यानं मृत्यूनंतर तीन महिन्यांत वारसांनी कळवायचं असतं. आम्ही कळवलं होतं. मृत्यूचा दाखला, सातबारा, आठ-अ, वारसांची नावं आणि नातं लिहिलेलं प्रतिज्ञापत्र. सरकारी फी काही नाही. गावात मात्र एकानं आईला घरी येऊन सांगितलं, पाच हजारांत महिन्याभरात करून देतो, पटवारी आपल्या ऐकण्यातला आहे. आईनं त्याला चहा पाजला आणि पोरगी बघून राहिली आहे म्हणून वाटेला लावलं.

तलाठी स्वतः तसा बरा माणूस होता. दोन सज्जे सांभाळायचा, कधी इकडे कधी तिकडे, पण फोन उचलायचा. त्यानं वारसांची नावं लिहून घेताना पेन थांबवलं आणि विचारलं, "मॅडम, तुमचं नाव घेऊ ना?" मी म्हटलं, का नाही घ्यायचं? तो म्हणाला, नाही, घ्यावंच लागतं, पण लोक नंतर हक्कसोड करतात, मग पुन्हा फेरफार (सातबाऱ्यावर नावबदलाची नोंद), म्हणून विचारलं. त्याचा हेतू वाईट नव्हता. पण हा प्रश्न भावाला कुणी विचारला नाही. गावात तर काय, 'ताईला नोकरी आहे, ताई काय मागते थोडीच' हे गृहीतच धरलेलं. हिंदू वारसा कायद्यातल्या २००५ च्या दुरुस्तीनं मुलीला मुलाइतकाच वाटा आहे, हे सगळ्यांना ऐकून माहीत आहे, पण वारस नोंद झाली की बहिणीनं दुय्यम निबंधकाकडे जाऊन हक्कसोडपत्र करून द्यायचं आणि भावानं साडी घ्यायची हीच रीत चालू आहे. साडीचा भाव वाढला एवढाच फरक.

भावाशी मी सरळ बोलले. तो म्हणाला, "ताई, आईचं काम होऊ दे, तुझं नाव राहू दे, मला काय त्रास आहे त्याचा." वहिनी काही बोलली नाही. माझं नाव अजून आहे, आणि मी ते काढणार नाही. पिकातला वाटा मी मागत नाही, तो आईचा आहे. पण नाव राहील.

फेरफार ओढला, नोटिसा निघाल्या, चावडीवर एक चिकटवली. हरकतीला पंधरा दिवस असतात. हरकत कुणाची नव्हती. तरी मंडळ अधिकाऱ्याच्या मंजुरीला दिवाळी उजाडली, कारण मध्येच कधी सर्व्हर बंद, कधी सर्कल साहेब मोजणीच्या बंदोबस्ताला, कधी संप. तारखांवर तारखा मी इथं सांगत बसत नाही. एका सकाळी महाभूलेखवर पाहिलं तर नोंद आलेली होती. पंधरा रुपये भरून डिजिटल सहीचा सातबारा काढला आणि छापून आईला नेऊन दिला. अप्पांच्या नावावर आडवी रेघ, पुढं फेरफाराचा क्रमांक, आणि खाली तीन नावं: आईचं, भावाचं, माझं. समोर 'सामाईक क्षेत्र'. आईनं चष्मा लावून आधी अप्पांचं नाव शोधलं. "हे खोडलं कायले? राहू द्याचं ना तसंच." मग स्वतःचं नाव वाचलं. मग पुन्हा पहिल्यापासून पाहिलं आणि म्हणाली, विहीर लिहिली हाय का याच्यात?

तिघांपैकी योजनेत बसणारी एकटी आईच. मी सरकारी नोकर, भाऊ आयकर भरतो. म्हणून तिची नवी नोंदणी.

गावातलं सेतू केंद्र एक पोरगा चालवतो. एक खोली, दोन संगणक, एक प्रिंटर, आणि भिंतीवर सगळ्या योजनांच्या कागदांच्या याद्या स्केच पेननं लिहिलेल्या. पोरगा हुशार आहे. पण अर्जात एक रकाना असा होता की त्यालाही खात्री नव्हती. जमीन कधी नावावर आली, १ फेब्रुवारी २०१९ च्या आधी की नंतर? नंतर. कशामुळे? पतीच्या मृत्यूमुळे. तारीख? इथं तो थांबला. मृत्यूची टाकू की फेरफार मंजुरीची? त्यानं मृत्यूची टाकली. अर्ज तालुक्यातून परत आला, तारीख सातबाऱ्याशी जुळत नाही म्हणून. दुसऱ्या वेळी फेरफाराची टाकली, सोबत अप्पांचा बंद झालेला नोंदणी क्रमांक, चार हजार भरल्याची पावती आणि जुना सातबारा असं सगळं जोडलं. ते पुढं गेलं.

नावाचा घोळ मात्र कुणालाच चुकत नाही. आईचं नाव आधारवर नुसतं, बँकेच्या पासबुकावर पुढं 'बाई' लावलेलं, आणि सातबाऱ्यावर नावानंतर 'भ्र.' (भ्रतार, म्हणजे नवरा) आणि मग अप्पांचं नाव. तिन्ही कागद एकाच बाईचे आहेत हे तिच्याकडे बघून कुणालाही कळतं, संगणकाला कळत नाही. आधारावरचं नाव धरायचं असं ठरलं, त्याप्रमाणे बँकेत दुरुस्ती करून घेतली. सातबाऱ्यावरचं तसंच राहू दिलं. त्याला हात लावायची माझी हिंमत नव्हती, पुन्हा फेरफार कोण करणार.

त्यानंतर ई-केवायसी. आधारला मोबाइल जोडलेला नव्हता, म्हणून ओटीपीचा प्रश्नच नाही. अंगठा लावायचा. आईचा अंगठा घेत नाही. रेशन दुकानात नेहमी हाच तमाशा असतो. पोरानं तिच्या बोटांना तेल लावलं, पुसलं, उजवा अंगठा, डावा अंगठा, मग एकेक बोट. प्रत्येक वेळी यंत्राचा लाल दिवा लागायचा आणि पडद्यावर 'जुळत नाही'. आई तळहात उलटसुलट करून बघत म्हणाली, "इतके वर्सं कापूस येचला, त्याच्यात गेल्या रेघा." पोरगा म्हणाला, मावशी, आठ दिवस भांडी घासू नका, हाताला व्हॅसलीन लावा आणि मग या. मावशी हसली. आठ दिवस भांडी न घासणारी बाई त्याला कुठं भेटली होती कुणास ठाऊक.

शेवटी चेहऱ्यानं झालं. पीएम किसानच्या ॲपवर २०२३ पासून चेहरा ओळखून केवायसी करता येते, पण सोबत आधारचं दुसरं एक ॲप फोनमध्ये टाकावं लागतं, आणि हे बऱ्याच जणांना ठाऊकच नसतं. माझ्या फोनवर दोन्ही घेतली. घरात उजेड कमी, म्हणून अंगणात बसवलं. डोक्यावरचा पदर थोडा मागे घ्यायला सांगितला तर तिनं आधी रस्त्याकडं पाहिलं. चेहरा गोलात आला की गोल हिरवा होतो आणि डोळे मिटून उघडायला सांगतं. ती डोळे मिटायची ते मिटूनच ठेवायची, देवापुढं बसल्यासारखी. "उघड ना व आई." उघडेपर्यंत वेळ संपायची. मग मीच समोर बसून डोळे मिचकावून दाखवले. तिनं तसेच मिचकावले, दोघी हसलो आणि त्या हसण्यातच हिरवं झालं. आजूबाजूच्या बायका बघायला जमल्या होत्या. त्यातल्या दोघींची केवायसी मी लगेच करून टाकली.

मग वाट बघणं. पोर्टलवर 'आपली स्थिती जाणून घ्या' मध्ये तीन गोष्टी दिसतात. जमिनीची जोडणी, ई-केवायसी, आणि आधार बँक खात्याला जोडलेलं आहे की नाही. तिन्ही ठिकाणी हिरवं 'होय' पाहिजे. आईचं ई-केवायसी होय, आधार-बँक होय, जमीन नाही. अर्ज तालुका पातळीवर प्रलंबित. २८ फेब्रुवारी २०२४ ला यवतमाळात सोळावा हप्ता सुटला, सोबत नमोचेही दोन हप्ते एकदम. गावातल्या लोकांचे एका दिवसात सहा हजार पडले. आईचे नाही. जूनमध्ये सतरावा सुटला. पेरणीचे दिवस. दोन हजारांत सोयाबीनच्या बियाण्याची बॅग येत नाही, साडेतेराशेची डीएपी खताची एक गोणी येते आणि वर थोडे उरतात. पण पेरणीच्या तोंडावर ती एक गोणी उधारीत कमी होते, हेही खरं. आईनं एकदाही विचारलं नाही, हप्ता का नाही आला. तिनं विचारलं असतं तर बरं झालं असतं, मला चिडायला कारण मिळालं असतं.

कृषी कार्यालयातल्या त्या बाईंना मी पुन्हा गाठलं. त्यांनी सांगितलं तेव्हा कळलं की जमिनीच्या पडताळणीसाठी यादी तहसीलला जाते, तिथून परत आली की जिल्ह्याला, तिथून राज्याला. आमच्या गावाची यादी तहसीलहून आलीच नव्हती. त्यांनी माझ्यासमोर फोन लावला. बोलणं गोड होतं, पण मधूनमधून आवाज चढत होता. पंधरवड्यानं पोर्टलवर जमिनीच्या रकान्यात 'होय' आलं. पुढं त्या खाली एक ओळ दिसू लागली, एफटीओ (पैसे पाठवायचा आदेश) तयार झाला आहे, पैसे जमा झाल्याची खात्री प्रलंबित. आमच्या भागातले लोक या ओळीला पाऊस भरून येण्यासारखं मानतात. आलं आहे म्हणायचं, पडेल तेव्हा खरं.

अठरावा हप्ता ५ ऑक्टोबर २०२४ ला सुटला, तोही शेजारच्या वाशीममधून. गावातून लोक गाड्या करून कार्यक्रमाला गेले होते. संध्याकाळी सगळ्यांचे मेसेज वाजले, आईचा नाही. दुसऱ्या दिवशी बँकेत पासबुक भरून आणलं, त्यातही नाही. मी पोर्टल उघडलं तर तिथं स्पष्ट, रक्कम जमा. मग कुठं? बँकेचं नाव आणि खाते क्रमांकाचे शेवटचे चार आकडे बघितले तेव्हा ट्यूब पेटली. ऑगस्टमध्ये लाडकी बहीणच्या वेळी बँकेत पाय ठेवायला जागा नव्हती, म्हणून पोस्टमननं ओट्यावर बसून सगळ्या बायकांची पोस्टाची खाती काढली होती. आधारला शेवटचं जे खातं जोडलं जातं, सरकारी पैसा तिथं जातो. अर्जात तुम्ही कोणता खाते क्रमांक लिहिला याला त्यात काही अर्थ नसतो. आईचे पैसे पोस्टात पडून होते, दोन हजार पीएम किसानचे आणि दोन हजार नमोचे. काढायला अंगठा लागतो म्हणे. तो पुन्हा वेगळा विषय.

आता लाडकी बहीणचा उल्लेख आलाच आहे तर हिशेब पूर्ण करते. जुलै २०२४ पासून ही योजना, महिन्याला दीड हजार, एकवीस ते पासष्ट वयाच्या बायकांना. आई एकसष्ट. राखीपौर्णिमेच्या आधी दोन महिन्यांचे तीन हजार तिला आले होते आणि पुढंही येत राहिले. त्या योजनेची एक अट आहे, जी फॉर्म भरताना कुणी मोठ्यानं वाचली नव्हती. दुसऱ्या सरकारी योजनेतून बाईला पैसे मिळत असतील तर दीड हजारातून ते वजा करून फरकच द्यायचा. पीएम किसानचे सहा आणि नमोचे सहा मिळून वर्षाचे बारा हजार, म्हणजे महिन्याचे हजार. फरक पाचशे. २०२५ मध्ये आईच्या खात्यावर लाडकी बहीणचे पाचशे यायला लागले.

म्हणजे असं पाहा. नोंदणीच्या आधी आईला वर्षाला अठरा हजार मिळत होते, सगळे लाडकी बहीणचे. नोंदणीनंतर बारा अधिक सहा, अठरा हजार. मी वहीत हा हिशेब मांडून भावाला फोटो पाठवला. त्यानं नुसता हात जोडल्याचा इमोजी पाठवला.

नियम चूक आहे असं मी म्हणणार नाही, एकाच माणसाला दोनदा देऊ नये हे समजण्यासारखं आहे. मला खटकतं ते वेगळं. अप्पा असताना घरात शेतकरी म्हणून त्यांचे हजार आणि बहीण म्हणून आईचे दीड हजार, दोन्ही आले असते, कारण कागदावर शेतकरी ते होते आणि ती नुसती बाई होती. बाईच शेतकरी निघाली की मात्र शेतकरीपणाचे पैसे बहीणपणातून कापले जातात. गावात आता काही जणी उघड म्हणतात, वावर नावावर नको व बाप्पा, लाडकी जाते. पन्नास वर्षं जे नवऱ्यांनी केलं नाही ते न करायला आता बायकांकडूनच कारण मिळालं.

मी आईला विचारलं, पीएम किसान सोडायचं का? सोडता येतं, पोर्टलवर तसा पर्याय आहे. दीड हजार दर महिन्याला आलेले बरे की महिन्याला पाचशे आणि चार महिन्यांनी चार हजार? तिनं हिशेब नीट ऐकून घेतला. मग म्हणाली, "लाडकीचं काय, आज हाय, उद्या मतं संपली का बंद. अन् पासष्ट झाले का तसंही बंद. वावर थोडंच बंद होते?" यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. पोर्टल राजकारण शिकवत नाही, ती रेडिओवर बातम्या ऐकते.

बाकी पुढचं भराभर झालं. २०२५ च्या सुरुवातीला शेतकरी ओळख क्रमांक काढायचं शिबिर ग्रामपंचायतीत लागलं. अकरा आकडी क्रमांक, आता योजनांना तोच विचारतात. टेबलावरच्या माणसानं आईकडं न बघताच विचारलं, खातेदार कुठंय, त्यांना घेऊन या. तिनं सातबारा त्याच्यापुढं सरकवला. त्याच वर्षी सरकारनं 'जिवंत सातबारा' मोहीम काढली, मयत खातेदारांची नावं काढून वारसांची लावायची म्हणून, आधी आमच्याच बुलढाणा जिल्ह्यात आणि मग राज्यभर. ज्या नोंदीसाठी आम्ही पावसाळा आणि दसरा घालवला ती काकांच्या शेजाऱ्याची त्या मोहिमेत तलाठ्यानं घरी येऊन केली. चांगलं झालं. दोन वर्षं आधी काढली असती तर आणखी चांगलं झालं असतं.

एक राहिलं आहे. विहिरीवरच्या पंपाची वीज अजून अप्पांच्याच नावानं आहे. साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या कृषिपंपांना २०२४ पासून वीज मोफत झाल्यामुळे बिल शून्याचं येतं, पण येतं, आणि त्यावर अप्पांचं पूर्ण नाव असतं. नाव बदलायला सातबारा, मृत्यूचा दाखला आणि भावाचं व माझं संमतीपत्र लागेल असं वायरमननं सांगितलं. आई म्हणते, शून्याचंच बिल हाय, राहू दे त्यांच्या नावानं. मी म्हटलं, उद्या डीपी (ट्रान्सफॉर्मर) जळली आणि तक्रार द्यायची वेळ आली तर? भावाला संमतीपत्रावर सही करून पाठवायला सांगितलं आहे. माझी मी केली आहे.